एका ड्रायव्हरवर अनेक हाय-पॉवर एलईडी: माळ लुकलुकते, मंदावते, पुन्हा पुन्हा जाते, तेव्हा काय तपासायचं

हॉलच्या फॉल्स सीलिंगमध्ये एक-एक वॉटचे आठ-दहा एलईडी, प्रत्येक जण आपापल्या स्टार प्लेटवर (एलईडी ज्यावर बसतो ती अ‍ॅल्युमिनिअमची छोटी चकती), आणि सगळ्यांना मिळून एकच ड्रायव्हर, म्हणजे घरच्या विजेतून एलईडींना चालेल असा करंट देणारा डबा. ही रचना स्वस्त आहे, प्रकाश छान पसरतो आणि नीट जमवली तर वर्षानुवर्षं चालते. माझ्याकडे येते ती मात्र न जमलेली. तक्रार ठरलेली: "ड्रायव्हर बदलला, महिनाभर चाललं, पुन्हा तेच." अशा वेळी तिसरा ड्रायव्हर आणायला कोणी निघालं की मी आधी थांबवतो. बहुतेकदा ड्रायव्हरचा काही दोष नसतो. त्याला जे जोडलेलं असतं, तेच त्याला मारत असतं.

हे सगळं ठरावीक करंट देणाऱ्या ड्रायव्हरबद्दल आहे. म्हणजे ज्याच्या लेबलवर ३०० किंवा ६०० मिलिअँपिअर असा आकडा आणि व्होल्टची एक रेंज छापलेली असते. १२ व्होल्टच्या पट्टीचा अ‍ॅडॅप्टर ही वेगळी जात. त्याच्याबद्दल पुढे थोडं येईल, कारण घोटाळा तिथेही होतो.

लक्षणं

तुमचं यातलं कोणतं आहे ते आधी ठरवा. एकापेक्षा जास्त जुळली तरी हरकत नाही.

- बटण दाबल्याबरोबर सगळी माळ एका लयीत लुकलुकते. थांबत नाही, पूर्ण लागतही नाही.
- सुरुवातीला व्यवस्थित लागते, पंधरा-वीस मिनिटांनी लुकलुकायला लागते किंवा बंद पडते. थोडा वेळ बंद ठेवली की पुन्हा लागते.
- दोन ओळी आहेत. एक ओळ दुसरीपेक्षा उजळ दिसते. काही दिवसांनी उजळ ओळ जाते आणि पाठोपाठ दुसरीही.
- सगळी माळ एकदम काळी.
- एकच एलईडी काळा, बाकी सगळे ठीक.
- पांढऱ्या प्रकाशात निळसर झाक आली आहे, किंवा एलईडीच्या पिवळ्या ठिपक्यावर तपकिरी डाग दिसतो.
- बटण बंद असतानाही रात्री अंधारात एलईडी अंधूक चमकतात.
- डोळ्यांना लुकलुक दिसत नाही, पण वाचताना त्रास होतो आणि मोबाईलच्या कॅमेऱ्यात आडवे पट्टे सरकताना दिसतात.
- एमसीबी किंवा आरसीसीबी (जमिनीकडची गळती ओळखून वीज तोडणारा स्विच) पडतो. हे असेल तर बाकीचं सोडा आणि सरळ शेवटच्या भागात जा.

ड्रायव्हर काय देतो

ड्रायव्हर व्होल्ट देत नाही, करंट देतो. ३०० मिलिअँपिअरचा ड्रायव्हर माळेतून ३०० मिलिअँपिअर ढकलतो, आणि तेवढा करंट जाण्यासाठी जितके व्होल्ट लागतील तितके स्वतःच चढवतो किंवा उतरवतो. किती लागतील हे माळेत किती एलईडी आहेत त्यावर ठरतं. पांढरा एक वॉटचा एलईडी साधारण ३ ते ३.४ व्होल्ट घेतो. दहा एलईडी एकामागोमाग एक, म्हणजे सिरीजमध्ये, जोडले की ३० ते ३४ व्होल्ट झाले.

पण ड्रायव्हरच्या चढण्या-उतरण्याला हद्द आहे. लेबलवर "८–१२ × १ वॉट, ३०० मिलिअँपिअर, २४–४२ व्होल्ट" असं लिहिलेलं असतं, त्यातली शेवटची जोडी ही ती हद्द. माळेची गरज २४ च्या खाली गेली किंवा ४२ च्या वर गेली की ड्रायव्हर आपलं संरक्षण म्हणून बंद होतो, क्षणभराने पुन्हा प्रयत्न करतो, पुन्हा बंद होतो. तीच ती एका लयीतली लुकलुक. ड्रायव्हर बिघडलेला नसतो. "हे ओझं माझं नाही" एवढंच तो सांगत असतो.

हात लावण्याआधी

बाजारातले स्वस्त ड्रायव्हर बऱ्याचदा नॉन-आयसोलेटेड असतात. म्हणजे आउटपुटच्या २४–४२ व्होल्टांचा घरच्या २३० व्होल्टांशी थेट संबंध असतो. मीटर दोन टोकांत ३० व्होल्ट दाखवेल, पण त्यातलं एक टोक आणि तुमचे जमिनीवरचे पाय यांच्यात फेजचा झटका असू शकतो. "डीसी आहे, कमी व्होल्ट आहे" म्हणून चालू माळेला बोट लावू नका. लेबलवर आयसोलेटेड असं स्पष्ट लिहिलेलं नसेल तर नाहीच असं धरून चाला.

बोर्डावरचं बटण बंद करणं पुरेसं नाही. एमसीबी खाली करा, कारण कित्येक घरांत बटण न्यूट्रलवर बसवलेलं सापडतं आणि मग बटण बंद असलं तरी माळेवर फेज तसाच राहतो. एमसीबी पाडल्यावर टेस्टरने ड्रायव्हरच्या इनपुटची दोन्ही टोकं पाहा, आणि मिनिट-दोन मिनिटं थांबा. आतल्या ४०० व्होल्टच्या कपॅसिटरमध्ये विजेचा साठा राहिलेला असतो.

आणखी एक, आणि यावर मी भांडतो: ड्रायव्हर चालू ठेवून एलईडीची वायर जोडायची नाही. कधीच नाही. माळ जोडलेली नसते तेव्हा ड्रायव्हरचा आउटपुट कपॅसिटर त्याच्या कमाल व्होल्टपर्यंत भरलेला असतो. ४२ व्होल्टवाल्याचा त्याहूनही वर. अशा वेळी वायर टेकवली की तो साठा एका क्षणात माळेत रिकामा होतो. ३०० मिलिअँपिअरच्या जागी काही अँपिअरचा धक्का बसतो. कधी एलईडी जागच्या जागी जातो. त्याहून वाईट म्हणजे कधी नुसता दुखावतो आणि पंधरा दिवसांनी जातो, तेव्हा कारण कोणाच्या ध्यानात येत नाही. "लागतोय का बघू" म्हणून वायर टेकवून पाहण्याची सवय मी जितके एलईडी मारताना पाहिली, तितके व्होल्टेजच्या चढउतारांनीही मारलेले पाहिले नाहीत.

१. लेबल वाचा आणि एलईडी मोजा

खर्च शून्य, वेळ पाच मिनिटं, आणि निम्मी प्रकरणं इथेच मिटतात.

कागदावर तीन गोष्टी लिहा: ड्रायव्हरचे मिलिअँपिअर, त्याची व्होल्टची रेंज, आणि सिरीजमध्ये सलग किती एलईडी आहेत. एलईडीची संख्या गुणिले ३.२ करा. उत्तर रेंजच्या आत, शक्यतो मधोमध हवं. ८–१२ वाल्या ड्रायव्हरवर मी दहा लावतो. बारा लावले तर कागदावर बसतात, पण थंड एलईडी जरा जास्त व्होल्ट मागतो आणि डिसेंबरच्या पहाटे गणित ४२ च्या काठावर जातं. मग सकाळी लुकलुकणारी माळ दुपारी शहाण्यासारखी वागते.

हमखास सापडणारी चूक अशी: खोलीत सहा-सहाच्या दोन ओळी हव्यात, म्हणून सहांच्या दोन माळा करून दोन्ही एकाच ड्रायव्हरच्या टोकांना समांतर जोडलेल्या. एकूण एलईडी बारा, लेबलवरही बारा, म्हणजे बरोबर असं वाटतं. पण ड्रायव्हरला दिसतात फक्त सहा एलईडींचे व्होल्ट, जेमतेम १९. हद्द २४ पासून सुरू. लुकलुक. ओळी दोन दिसायला हव्या असतील तर हरकत नाही, पण वायर एकीच्या शेवटापासून दुसरीच्या सुरुवातीला न्या. म्हणजे छतावर ओळी दोन आणि वायरिंगमध्ये माळ एकच. सिरीजमध्ये वायर लांबली म्हणून प्रकाश कमी होत नाही. दहा-वीस मीटर तांब्याच्या बारीक वायरमध्ये ३०० मिलिअँपिअरला पाव-अर्धा व्होल्ट पडतो, तो ड्रायव्हर स्वतः भरून काढतो.

मोजतानाच एलईडी कोणत्या वॉटचे आहेत तेही पाहा. एक वॉटचे ३००–३५० मिलिअँपिअरला, तीन वॉटचे ६००–७०० ला. दोन्ही एका माळेत आणि ड्रायव्हर ६०० चा असेल तर एक वॉटवाले जाणारच. उलट केलं, म्हणजे ३०० च्या ड्रायव्हरवर तीन वॉटचे लावले, तर काही बिघडत नाही. ते थोडे मंद लागतात आणि थंड राहतात. मला तर हा मेळ आवडतो.

आणि तो १२ व्होल्टचा अ‍ॅडॅप्टर. चार एलईडी सिरीजमध्ये घेऊन थेट १२ व्होल्टला लावले की चौघांना लागणारे १३ मिळत नाहीत, मंद जळतात. तीन लावले तर करंटला आवर घालणारं कोणी नसतं, जळून जातात. तीन एलईडी आणि सोबत ६.८ ओहमचा दोन वॉटचा रेझिस्टर हे तात्पुरतं चालतं, पण खोलीच्या प्रकाशासाठी योग्य ड्रायव्हरच आणा.

२. बोर्ड, रेग्युलेटर, इन्व्हर्टर

बटण बंद असताना एलईडी अंधूक चमकत असतील तर दोनच गोष्टी पाहायच्या. बटणात लाल निऑनचा इंडिकेटर आहे का? त्यातून जाणारा किंचित करंट ड्रायव्हरचा कपॅसिटर हळूहळू भरत राहतो. दुसरं, बटण फेजऐवजी न्यूट्रलवर आहे का? इंडिकेटर हा फक्त त्रास आहे; न्यूट्रलवरचं बटण हा धोका आहे, तो वायरमनकडून सुधारून घ्या. याच्यासाठी एलईडी किंवा ड्रायव्हर बदलणं म्हणजे पैसे पाण्यात.

जुन्या बोर्डावर बल्बसाठीचा डिमर किंवा पंख्याचा रेग्युलेटर या लाइनवर राहून गेलाय का तेही पाहा. ड्रायव्हरवर डिमेबल असं लिहिलेलं नसेल तर तो रेग्युलेटरमागे नीट चालत नाही, गुणगुणतो, कालांतराने जातो. फक्त वीज गेल्यावर, इन्व्हर्टरवर असतानाच गुणगुणत किंवा लुकलुकत असेल तर इन्व्हर्टर स्क्वेअर वेव्हचा आहे का पाहा. तसं असेल तर माळेत शोधत बसू नका.

३. जोड

फॉल्स सीलिंगच्या आत पिळून टेप गुंडाळलेले जोड हा या धंद्यातला शाप आहे. उन्हाळ्यात वर गरम होतं, टेपचा गोंद सुटतो, पावसाळ्यात तांबं काळं पडतं, आणि जोड सैल होतो. एसी बल्बच्या वायरिंगमध्ये सैल जोडाने नुसती लुकलुक होते. इथे मामला वेगळा आहे. माळेतला एक जोड क्षणभर सुटला की माळ उघडी पडते, ड्रायव्हरचा कपॅसिटर वर चढतो, आणि जोड पुन्हा टेकला की तोच वर सांगितलेला धक्का सगळ्या एलईडींना बसतो. दिवसातून शंभर वेळा झालं तर शंभर धक्के. "दर महिन्याला एक एलईडी जातो" अशा तक्रारींत मी एलईडीकडे नंतर बघतो, जोडांकडे आधी.

एमसीबी पाडून प्रत्येक वायर हळूच ओढून बघा. स्टार प्लेटवरचा सोल्डरचा डाग राखाडी, खडबडीत दिसत असेल तर तो कच्चा बसलेला डाग आहे. प्लेटखाली अ‍ॅल्युमिनिअम असतं, ते इस्त्रीची उष्णता भराभर ओढून घेतं आणि २५ वॉटच्या सोल्डरिंग इस्त्रीने डाग वरवर चिकटतो. त्यामुळे प्लेट हीट सिंकवर (उष्णता ओढून हवेत सोडणारा धातूचा तुकडा) बसवण्याआधी सुटी असताना वायरी लावून घ्यायच्या, किंवा ४०–६० वॉटची इस्त्री वापरायची. पिळलेले जोड कापून तिथे डाग देऊन श्रिंक ट्यूब चढवा, नाहीतर चांगले स्क्रूचे किंवा दाबाचे कनेक्टर वापरा.

४. एकेक एलईडी तपासा

सगळी माळ काळी असेल तर दहापैकी एकच गेलेला असण्याची शक्यता मोठी. सिरीजमध्ये एकाने साखळी सोडली की सगळे अंधारात. तो एक शोधायचा.

मीटरच्या डायोड टेस्टवर विसंबू नका. स्वस्त मीटर त्या खुणेवर जेमतेम अडीच-तीन व्होल्ट देतात, पांढरा एलईडी त्यावर लागत नाही आणि चांगला एलईडी मेलेला ठरतो. त्यापेक्षा ९ व्होल्टची चौकोनी बॅटरी घ्या, तिच्या एका टोकाला १ किलोओहमचा रेझिस्टर जोडा. जेमतेम ६ मिलिअँपिअर जातात. एलईडी अंधूक पण स्पष्ट लागतो, आणि जळण्याची भीती नाही. ड्रायव्हरच्या वायरी सोडवून ठेवा आणि माळ तशीच जोडलेली ठेवून प्रत्येक स्टार प्लेटच्या अधिक-उणेला ही दोन टोकं लावत जा. लागला नाही तर टोकं बदलून पाहा. बदलल्यावर लागला तर तो माळेत उलटा लावलेला आहे, आणि तोच दोष. सीओबीवर ही युक्ती चालत नाही, त्याच्या आत बरेच एलईडी सिरीजमध्ये असतात आणि ९ व्होल्ट कमी पडतात.

एकच एलईडी काळा आणि बाकी माळ चालू, असं असेल तर तो आतून शॉर्ट झालेला आहे. करंट त्याच्यातून जातोय, प्रकाश नाही एवढंच. घाई नाही, पण त्याच्या प्लेटवरचा डाग आणि प्लेटखालची थर्मल पेस्ट (उष्णता हीट सिंककडे नेणारी) तपासा. सहसा उष्णतेने गेलेला असतो.

घरात पाहुणे आहेत आणि सुटा एलईडी नाही, तर मेलेल्या एलईडीची दोन टोकं वायरच्या तुकड्याने जोडून टाकता येतात. करंट ड्रायव्हर राखतो, त्यामुळे बाकीच्यांवर जास्त भार येत नाही. फक्त उरलेली संख्या लेबलवरच्या किमान आकड्याच्या खाली जाऊ देऊ नका. आठची हद्द असेल तर आठावर हा उपाय करून सात करायचे नाहीत.

५. उष्णता

इथे थोडं थांबून बघायला हवं, कारण "पंधरा मिनिटांनी बंद" आणि "प्रकाश निळा पडला" ही दोन्ही लक्षणं इथूनच येतात.

पांढरा एलईडी मुळात निळा असतो. त्याच्यावरचा पिवळा फॉस्फर त्या निळ्यातून पांढरा प्रकाश बनवतो. फॉस्फर आणि त्याच्याभोवतीचा सिलिकॉन भाजला की निळं जास्त गळतं. म्हणून प्रकाश थंडगार निळसर झाला म्हणजे तो एलईडी आतून शिजलेला समजायचा. तो परत पूर्ववत होत नाही.

एक वॉट ऐकायला किरकोळ वाटतो, पण त्यातला मोठा भाग उष्णताच होतो आणि ती तांदळाच्या दाण्याहून लहान चिपमधून बाहेर यायची असते. दोन सेंटिमीटरची स्टार प्लेट ही हीट सिंक नाही. ती हीट सिंकवर बसण्यासाठी आहे. पीओपीच्या पाटीला नुसती चिकटवलेली प्लेट म्हणजे उष्णतेला वाटच नाही, कारण पीओपी उष्णता वाहून नेत नाही. अ‍ॅल्युमिनिअमच्या चॅनलवर किंवा पंख असलेल्या हीट सिंकवर प्लेट दोन स्क्रूंनी आवळलेली हवी, मधे थर्मल पेस्टचा पातळ थर. पेस्ट भरीत लावल्यासारखी थापली तर ती अडथळाच बनते. दुतर्फी टेपने चिकटवलेल्या प्लेटा उन्हाळ्यात सुटून लोंबकळताना सापडतात.

तपासायची रीत: माळ अर्धा तास चालू ठेवा, एमसीबी पाडा, मग लगेच हीट सिंकला बोट लावा. बोट टेकवून पाच-सहा सेकंद ठेवता आलं तर ठीक. चटकन काढावं लागलं तर ६० अंशांच्या आसपास किंवा वर आहे, आणि आतली चिप त्याहून बरीच गरम. मग मोठा हीट सिंक, किंवा कमी मिलिअँपिअरचा ड्रायव्हर. खोली पुरेशी उजळत असेल तर दुसरा मार्ग स्वस्त.

ड्रायव्हरलाही हेच लागू. सीलिंगच्या आत एलईडीच्या हीट सिंकवरच ठेवून दिलेला ड्रायव्हर लवकर जातो. त्याच्यातल्या कपॅसिटरचं आयुष्य ढोबळमानाने दर दहा अंशांनी निम्मं होतं. ड्रायव्हर बाजूला, मोकळ्या हवेत, हात पोहोचेल असा ठेवा. बंद पेटीत कोंबून वरून पीओपी करणाऱ्या कारागिराला मी नमस्कार करतो; पुढच्या दुरुस्तीला छत फोडावं लागतं.

६. समांतर माळा

लक्षणांमध्ये "एक ओळ उजळ" असेल तर वरच्या कोणत्याही तपासणीने कायमचा उपाय होणार नाही. इथे रचनाच बदलावी लागते.

समजा ६०० मिलिअँपिअरच्या ड्रायव्हरवर एक वॉटच्या दोन माळा समांतर आहेत, हिशेब असा की दोघींना ३००-३०० मिळतील. मिळत नाहीत. कोणतेही दोन एलईडी तंतोतंत सारखे नसतात. एका माळेला थोडे कमी व्होल्ट पुरतात, म्हणून तिकडे करंट जास्त जातो. जास्त करंटने ती जास्त तापते, आणि तापलेल्या एलईडीला आणखी कमी व्होल्ट पुरतात. एका मोटरीचं पाणी दोन सऱ्यांत सोडावं, खोल सरीत जास्त पाणी जावं आणि त्या पाण्याने ती आणखी खोल व्हावी, तसला प्रकार. शेवटी उजळ माळेतला एक एलईडी सुटतो. ती माळ काळी होते. आणि आता पूर्ण ६०० मिलिअँपिअर दुसऱ्या माळेतून जातात, दुप्पट. काही तासांत तीही गेली. घरमालक म्हणतो व्होल्टेज आलं असणार.

उपाय दोनच मी मानतो. सगळे एलईडी एका माळेत घ्या आणि तितक्या व्होल्टचा ३०० मिलिअँपिअरचा ड्रायव्हर लावा. किंवा प्रत्येक माळेला तिचा स्वतंत्र लहान ड्रायव्हर द्या. इनपुटच्या बाजूला ते खुशाल समांतर जोडा. दुसऱ्यात शंभर-दीडशे रुपये जास्त जातात, पण एक बिघडला तरी अर्धी खोली उजेडात राहते. माळेला छोटे रेझिस्टर लावून तोल साधण्याचा मार्गही आहे. तो फरक कमी करतो, पण एक माळ तुटल्यावर दुसरीवर येणारा दुप्पट भार तो अडवत नाही. म्हणून घरासाठी मी तो सुचवत नाही.

७. मीटर लावून

इथपर्यंत दोष सापडला नाही तर मोजावं लागेल. ड्रायव्हर आयसोलेटेड असल्याची खात्री असेल आणि मीटर वापरायची सवय असेल तरच.

एमसीबी पाडून माळेत १ ओहम, १ वॉटचा रेझिस्टर कायमचा सिरीजमध्ये घाला. त्याच्या दोन टोकांना मीटरचे क्लिप लावा, मग वीज द्या आणि हात लांब ठेवा. मीटर जितके मिलिव्होल्ट दाखवेल तितके मिलिअँपिअर जातायत. ३०० च्या ड्रायव्हरवर २८० ते ३२० दिसलं तर ड्रायव्हर ठणठणीत आहे. चालू माळ तोडून मधे मीटर घालण्यापेक्षा हे सुरक्षित.

वीज बंद करून क्लिप माळेच्या दोन टोकांना न्या, डीसी व्होल्ट लावा, पुन्हा चालू करा. दहा एलईडींना ३०–३४ हवेत. २७ आले तर एखादा शॉर्ट. ४२ च्या वर जाऊन बसलं आणि अंधार असेल तर माळ कुठेतरी उघडी आहे, जोड किंवा एलईडी, चौथ्या तपासणीकडे परत. आकडा सारखा वरखाली नाचत असेल तर ड्रायव्हर बंद-चालू होतोय आणि तो आकडा निरुपयोगी आहे.

माळ पूर्ण सोडवून प्रत्येक स्टार प्लेटचं डागाचं टोक आणि हीट सिंक यांच्यात कंटिन्युइटीही पाहा. बीप वाजला तर प्लेटच्या आतलं इन्सुलेशन फाटलंय किंवा वायरचा तुकडा धातूला टेकलाय. नॉन-आयसोलेटेड ड्रायव्हरवर याचा अर्थ छतातला धातू जिवंत आहे. पुढे जाऊ नका.

८. ड्रायव्हर

आता, सगळं झाल्यावर, ड्रायव्हर. याच क्रमाने यावं, कारण चुकीच्या माळेवर नवा ड्रायव्हर लावला तर तो जुन्याच्याच वाटेने जातो.

बंद असताना झाकण उघडून कपॅसिटरचं डोकं फुगलंय का, तपकिरी गळती आहे का पाहा. मोबाईलच्या कॅमेऱ्यात पट्टे दिसत असतील तर आउटपुटचा कपॅसिटर सुकला असण्याचा संभव मोठा. आपली वीज ५० हर्ट्‌झची, त्यामुळे प्रकाश सेकंदाला १०० वेळा खालीवर होतो आणि कपॅसिटर ते भरून काढू शकत नाही. काही स्वस्त ड्रायव्हर नवे असतानाच असे असतात, तिथे कपॅसिटर बदलून फार फरक पडत नाही.

नवा घेताना, मग बुधवार पेठेत घ्या की लॅमिंग्टन रोडला, दुकानदाराला "दहा वॉटचा द्या" म्हणू नका. मिलिअँपिअर आणि व्होल्टची रेंज सांगा. आयसोलेटेड मागा. आयएस १५८८५ (ड्रायव्हरच्या सुरक्षेचं भारतीय मानक) चा शिक्का आणि नोंदणी क्रमांक असलेला बघा. इनपुटवर लिहिलेली रेंजही वाचा. गावाकडे मध्यरात्री भार उतरला की व्होल्टेज चांगलंच वर जातं, तिथे २४० पर्यंतचा ड्रायव्हर टिकत नाही.

इथे थांबा, माणूस बोलवा

पुढच्यापैकी काहीही दिसलं तर स्वतः करू नका, परवानाधारक वायरमन बोलवा.

एमसीबी किंवा आरसीसीबी पडतोय. आरसीसीबी पडणं म्हणजे करंटची गळती कुठेतरी जमिनीकडे चालली आहे. आरसीसीबी काढून टाकून किंवा बायपास करून "चालू करून देणारा" भेटला तर त्याला घरातून वाटेला लावा.

हीट सिंकला, सीलिंगच्या धातूच्या चौकटीला किंवा दिव्याच्या कड्याला हात लागल्यावर झिणझिण्या येतात, किंवा टेस्टर तिथे लागतो.

एका खोलीतले दिवे अचानक उजळतात आणि त्याच वेळी दुसरीकडचे मंदावतात, किंवा सॉकेटमध्ये २६५ च्या वर व्होल्ट दिसतात. मुख्य न्यूट्रल सैल असण्याची शक्यता आहे. हे एलईडीचं प्रकरणच नव्हे. फ्रिज, टीव्ही सगळं धोक्यात आहे. मेन स्विच आधी बंद.

जळका वास, काळवंडलेली पीओपी, वितळलेली वायर. छतावरून पाण्याची ओल उतरलेली.

तपासणीसाठी छत फोडावं लागणार आहे किंवा उंच शिडीवर एकट्याने चढावं लागणार आहे.

बोलवताना फोनवरच सांगा: ड्रायव्हरच्या लेबलचा फोटो, सलग किती एलईडी, किती वॉटचे, ओळी सिरीजमध्ये की समांतर, आणि दोष चालू केल्याबरोबर येतो की तापल्यावर. लेबलचा फोटो आधी मिळाला तर तो योग्य ड्रायव्हर सोबत घेऊनच येतो.